पऱ्हाटीचं मूळ न हलवता

उंद्रीच्या शिवारात निंदणाला जाताना माझी आत्या शिदोरीच्या फडक्यात एक गजराचं घड्याळ बांधून न्यायची. खामगावच्या बाजारातून आणलेलं, हिरव्या पत्र्याचं, मागे चावी असलेलं. दर तीन तासांनी ते वाजायचं. वाजलं की आत्या विळा खाली ठेवायची, धुऱ्याकडे जायची, तुरीच्या आड बसून दोन्ही हातांनी ओटीपोट दाबायची आणि परत येऊन आपली पात धरायची. बसण्याआधी काटा पुन्हा तीन तास पुढे सरकवून ठेवायची. सुरुवातीला बायका हसत. पुढे ते घड्याळ सगळ्यांचंच झालं. आत्याचा गजर झाला की पाणी प्यायची वेळ झाली, असा त्या वावरातला रिवाज पडला.

मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. सुट्टीत घरी आले की तिच्याशेजारी अंथरूण टाकायचे. रात्री दोनदा तो गजर व्हायचा. एकदा मी विचारलं, तर ती म्हणाली, “भरलं हाये का खाली हाये, काईच समजत नाई वं माय. घड्याळ सांगते तवा जातो.” आपल्याला लघवी लागली आहे, हे कळणंच तिच्या शरीरातून नाहीसं झालं होतं.

तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तिची मोठी शस्त्रक्रिया झाली. गर्भाशय, त्याच्या बाजूचे पडदे आणि आजूबाजूच्या गाठी काढल्या. कर्करोग गेला आणि पुढची बावीस वर्षं परत आला नाही. त्या डॉक्टरांचे उपकार आमच्या घरात आजही मानले जातात. पण तीन आठवड्यांनी लघवीची नळी काढून तिला घरी पाठवताना मूत्राशयाबद्दल कोणी एक शब्दही सांगितला नाही. लघवी तुंबून ताप येऊ लागला, तो दोनदा मूत्रपिंडापर्यंत गेला, तेव्हा खामगावच्या एका डॉक्टरांनी तिला घड्याळाचा उपाय सांगितला. नात्यातली माणसं म्हणायची, “माणूस वाचलं, आता आणखी काय पाहिजे?”

या पुस्तकाची सुरुवात त्या वाक्यापाशी झाली. जीव वाचला म्हणून कृतज्ञ राहावं, हे खरंच. पण त्या वाक्याने आत्याला गप्प बसवलं. लघवी, बद्धकोष्ठ, नवऱ्याशी तुटलेला संबंध यांबद्दल बोलणं म्हणजे जणू कृतघ्नपणा, असं तिला वाटत राहिलं. डॉक्टर झाल्यावर मला समजलं की तिचं हे दुखणं कर्करोगामुळे आलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेत काही नसा कापल्या गेल्यामुळे ते आलं होतं. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला काही शल्यचिकित्सक तिच्या शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून त्याच नसा वाचवायला शिकत होते.

त्या नसांची, त्या वाचवणाऱ्या हातांची आणि आता त्या हातांना मिळालेल्या रोबोट नावाच्या साधनाची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, यासाठी हे पुस्तक आहे. डॉक्टरांसाठी ग्रंथ पुष्कळ आहेत. मी लिहिलं आहे ते केसपेपर हातात घेऊन बाकावर बसलेल्या बाईसाठी, तिच्या मुलासाठी, नवऱ्यासाठी आणि तिला इथवर घेऊन येणाऱ्या आशाताईसाठी.

गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. या ठिकाणचा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. तो होतो एचपीव्ही या विषाणूच्या काही प्रकारांच्या दीर्घ संसर्गातून. हे नातं दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउजेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी स्पर्शून जातो. म्हणून या आजारात कोणाच्याही चारित्र्याचा प्रश्न येत नाही. हे वाक्य मी पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलं आहे आणि तिन्ही ठिकाणी मुद्दाम राहू दिलं आहे.

आता शस्त्रक्रियेकडे येते. १८९८ साली व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी पोट उघडून गर्भाशयाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंचे पडदे, योनीचा वरचा भाग आणि लसीका गाठी काढायला सुरुवात केली. १९११ साली त्यांनी ५०० शस्त्रक्रियांचा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. रक्त देण्याची सोय नाही, प्रतिजैविकं नाहीत, अशा त्या काळात शस्त्रक्रियेच्या टेबलावरून कित्येक स्त्रिया परत आल्या नाहीत. तरीही हा आजार कापून काढता येतो, हे त्यातून सिद्ध झालं. १९२१ साली जपानमधल्या क्योतो इथल्या हिदेकाझू ओकाबायाशी यांनी याहूनही खोल जाणारी पद्धत मांडली. जितकं जास्त काढू तितका कर्करोग दूर, हा त्या पिढीचा विचार होता आणि त्यामागे कारण होतं. परत आलेल्या कर्करोगावर तेव्हा हातात दुसरं फारसं काही नव्हतं.

पण स्त्रिया जगू लागल्या, तशा त्या बोलू लागल्या. लघवी होत नाही, होते ती कळत नाही, शौचाला जोर लागत नाही, अंग कोरडं पडलं आहे. या तक्रारींचा माग काढत शल्यचिकित्सक नसांपर्यंत पोचले.

या नसा समजून घेण्यासाठी थोडं थांबू या. कमरेच्या शेवटच्या मणक्यासमोर नसांचं एक जाळं असतं. त्यातून उजवीकडे आणि डावीकडे एकेक नस खाली उतरते. मूत्राशयाला सैल राहून लघवी साठवायला सांगणारी ही नस, आणि ती उतरते नेमकी गर्भाशयाला पाठीमागे बांधून ठेवणाऱ्या बंधाच्या कडेने, मूत्रवाहिनीच्या थोडी खालून. दुसऱ्या नसा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून, त्याच्या दुसऱ्या ते चौथ्या छिद्रांतून निघतात. मूत्राशयाला आवळून लघवी बाहेर टाकायला लावणाऱ्या या नसा. गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यात खोलवर एक शीर असते, तिच्या खालून त्या पुढे येतात. दोन्ही मिळून गुदाशय आणि योनी यांच्या कडेला एक चपटं जाळं तयार करतात. त्या जाळ्यातून काही धागे गर्भाशयाकडे जातात, काही योनीकडे, आणि काही मूत्राशयाकडे. मूत्राशय भरल्याची जाणीवही याच वाटेने वर जाते.

म्हणजे कर्करोगासाठी जे जे बंध कापायचे, त्या प्रत्येकाच्या कडेला, खाली किंवा आत या नसा आहेत. मागचा बंध कापताना एक, बाजूचा पडदा खोल कापताना दुसरी, मूत्राशय पुढे सारताना तिसरी. शिवाय त्या पांढऱ्या, बारीक, चरबीत बुडालेल्या असतात. रक्तस्राव झाला की दिसेनाशा होतात. रक्त थांबवायला घाईने लावलेला टाका किंवा विजेचा चटका त्यांना पुरे होतो.

हे सगळं वाचताना मला पहिल्यांदा आठवलं ते निंदण. पऱ्हाटीच्या बुडाशी हराळी वाढलेली असते. वरवर खुडली तर आठ दिवसांत पुन्हा येते, म्हणून मुळासकट काढावी लागते. पण जोराने उपटली तर पऱ्हाटीचं मूळ हलतं आणि रोप मान टाकतं. निंदणाऱ्या बायकांचं कसब इथे लागतं. डाव्या हाताची दोन बोटं पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवायची, माती धरून ठेवायची आणि उजव्या हाताच्या विळ्याच्या टोकाने हराळीची गाठ सोडवून घ्यायची. माझी आत्या यात पटाईत होती. तिच्या पातीतलं एकही रोप सुकत नसे. तिच्या शरीरात तसं निंदण करणारा हात तेव्हा तिच्या वाट्याला आला नाही, एवढंच.

तो हात घडवण्याचं काम जपानमध्ये झालं. ताकाशी कोबायाशी यांनी १९६० च्या सुमारास बाजूच्या पडद्याचे दोन भाग वेगळे ओळखले. वरचा, रक्तवाहिन्यांचा, तो कापायचा. खालचा, नसांचा, तो राखायचा. पुढे अनेकांनी त्यात भर घातली. क्योतोच्या शिंगो फुजिई यांनी २००७ साली मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा एकेक शीर बांधत कशा मोकळ्या करायच्या, याचा टप्प्याटप्प्याने नकाशाच दिला. गर्भाशयाकडे जाणारा धागा तेवढा कापायचा, बाकीचं जाळं सलग राहू द्यायचं. २००८ साली या शस्त्रक्रियांचं नवं वर्गीकरण आलं, त्यात नसा वाचवणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला ‘सी-१’ आणि न वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेला ‘सी-२’ असं नाव मिळालं. म्हणजे आत्याच्या दुखण्याला वैद्यकशास्त्राच्या यादीत एक ओळ मिळाली.

नसा वाचवल्या तर मूत्राशय लवकर कामाला लागतं, नळी लवकर निघते, उरलेली लघवी कमी असते, असं बहुतेक अभ्यास सांगतात. कर्करोग परत येण्याचं प्रमाण त्याने वाढत नाही, असंही त्यांत दिसतं, मात्र त्यातले बरेच अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. म्हणून प्रत्येक बाईत प्रत्येक नस वाचवलीच पाहिजे, असं कोणताही जाणता शल्यचिकित्सक म्हणणार नाही. गाठ एका बाजूच्या नसेला भिडलेली असेल, तर त्या बाजूची नस सोडावी लागते. एका बाजूची जरी राहिली, तरी मूत्राशयाला पुष्कळ आधार होतो.

मग यात रोबोट कुठे आला?

रोबोट म्हटलं की यंत्र स्वतःच शस्त्रक्रिया करतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. बाईच्या पोटावर बोटाच्या पेराएवढी चार-पाच छिद्रं पाडतात, त्यांतून यंत्राच्या बाहूंना जोडलेली हत्यारं आणि दुर्बीण आत जातात. शल्यचिकित्सक थोड्या अंतरावर एका आसनावर बसून दोन डोळ्यांनी खोली असलेलं, कित्येक पट मोठं चित्र पाहतो. त्याची बोटं जशी हलतील तशी आतली हत्यारं हलतात. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली हत्यारं काठीसारखी सरळ असतात. यात हत्याराच्या टोकाला मनगट असतं, ते वळतं, वाकतं. हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. ओटीपोटाच्या तळाशी, जिथे उघड्या शस्त्रक्रियेत डोकं खाली घालून पाहावं लागतं, तिथे हे चित्र स्थिर आणि स्वच्छ दिसतं. केसाएवढ्या नसा शिरेपासून सोडवायच्या कामात याची मदत होते, हे उघड आहे. अमेरिकेत ‘दा विंची’ या यंत्राला २००० साली परवानगी मिळाली, २००६ च्या सुमारास नॉर्वेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्याचा वापर झाला आणि पुढे तो जगभर पसरला. भारतात आता गुरुग्राममध्ये बनवलेलं ‘मंत्रा’ हे यंत्रही वापरात आहे.

महाराष्ट्राचा यात मानाचा वाटा आहे, तो रोबोटच्या आधीपासून. पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दुर्बिणीतून केलेल्या अशा २४८ मोठ्या शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. वैद्यकीय साहित्यात ती पद्धत ‘पुणे टेक्निक’ याच नावाने ओळखली जाते. दुर्बिणीतून नसा वाचवण्याची पद्धतही या गटाने पुढे मांडली. ओकाबायाशींच्या क्योतोशेजारी पुण्याचं नाव बघून मला झालेला आनंद इथे लपवत नाही.

आणि इथेच एक अवघड गोष्ट सांगायला हवी. ती लपवली असती तर हे पुस्तक जाहिरात झालं असतं.

२०१८ साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. १३ देशांतल्या ३३ रुग्णालयांतल्या ६३१ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं होतं. एका गटाची शस्त्रक्रिया पोट उघडून, दुसऱ्याची लहान छिद्रांतून. सगळ्यांची अपेक्षा होती की दोन्ही सारख्या ठरतील. साडेचार वर्षांनी उघड्या गटात ९६.५ टक्के स्त्रिया कर्करोगमुक्त होत्या, छिद्रांच्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ९९ आणि ९३.८ टक्के होतं. लहान छिद्रांच्या गटात बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या होत्या, रोबोटच्या सहाव्या हिश्श्याहून कमी. तरीही हा निकाल सगळ्या जगाला हलवून गेला. गर्भाशय हलवण्यासाठी योनीतून घातला जाणारा दांडा गाठीला दाबतो का, पोटात भरलेल्या वायूने पेशी पसरतात का, योनी आत उघडताना गाठ सांडते का, असे प्रश्न उभे राहिले. त्यानंतर अनेक ठिकाणी तो दांडा वापरणं बंद झालं आणि गाठीवर योनीचं टोपरं शिवून मगच पुढे जायची रीत आली. स्वीडनमधल्या ८६४ स्त्रियांच्या देशव्यापी नोंदींत रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पण ती नोंद होती, चाचणी नव्हती. केवळ रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या चिठ्ठ्यांच्या चाचण्या त्यासाठीच हाती घेतल्या गेल्या.

माझं म्हणणं यातून सरळ निघतं. नसा वाचवणं आणि रोबोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोबायाशींनी नसा वाचवल्या त्या पोट उघडून, उघड्या डोळ्यांनी. रोबोट चांगलं चित्र देतो आणि वळणारं मनगट देतो. कुठली शीर बांधायची आणि कुठला धागा सोडायचा, हे ज्ञान तो देत नाही. ज्याला उघड्या पोटात ती नस ओळखता येते, त्याच्या हातात रोबोट शोभतो. म्हणून उंद्रीच्या बाईने डॉक्टरांना पहिला प्रश्न “तुमच्याकडे रोबोट आहे का?” असा विचारू नये. तिने विचारावं, “माझ्या मूत्राशयाच्या नसा वाचवता येतील का? तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या? माझ्यासाठी पोट उघडणं जास्त सुरक्षित आहे का? नळी कधी निघेल, आणि नाही निघाली तर काय करायचं?” हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर या प्रश्नांची वाट पाहत असतो. पुस्तकाच्या शेवटी हे प्रश्न एका पानावर मोठ्या अक्षरात छापले आहेत. ते पान फाडून सोबत न्यावं.

दुसरी गोष्ट अशी की नसा वाचवायची ही सगळी चर्चा एका अरुंद वेळेत बसते. गाठ गर्भाशयमुखातच असेल आणि साधारण ४ सेंटिमीटरच्या आत असेल, तेव्हाच मोठी शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय ठरतो. ती २ सेंटिमीटरहून लहान, वरवरची असेल, तर आता बाजूचे पडदे काढायचीही गरज नसावी, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७०० स्त्रियांच्या चाचणीने दाखवलं. साधी शस्त्रक्रिया झालेल्यांत तीन वर्षांत ओटीपोटात कर्करोग परतण्याचं प्रमाण २.५ टक्के, मोठी झालेल्यांत २.२ टक्के, आणि लघवीच्या तक्रारी साध्या शस्त्रक्रियेत कमी. याउलट गाठ मोठी असेल किंवा पडद्यांत पसरली असेल, तर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडचा ‘शेक’, आणि त्याबरोबर केमो हाच मार्ग. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ६३५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हे पक्कं केलं. आधी केमो देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा शेक आणि केमो एकत्र घेतलेल्या स्त्रिया पाच वर्षांनी अधिक प्रमाणात कर्करोगमुक्त होत्या, ६९.३ विरुद्ध ७६.७ टक्के. “ऑपरेशन करत नाहीत म्हणजे हात टेकले,” असं आपल्याकडे समजतात. ते चुकीचं आहे, हे या आकड्यांवरून घरातल्या माणसांना समजावून सांगता येईल.

तिसरी गोष्ट सांगताना मला राग येतो, आणि तो मी आवरलेला नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला “पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल” असं सांगून तिचं गर्भाशय काढलं जातं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातल्या अनेकींना कर्करोगाची भीती घातलेली होती. उलट, ज्या बाईला खरोखर कर्करोग असतो, तिची गर्भाशयमुखाची साधी तपासणीही न करता पिशवी काढली, तर कर्करोग अर्धवट कापला जातो आणि पुढचा उपचार कितीतरी अवघड होतो. तपासणीशिवाय पिशवी काढायला होकार देऊ नका. काढलीच, तर ती प्रयोगशाळेत तपासायला गेली का, हे विचारा आणि तो कागद जपून ठेवा.

म्हणजे फिरून आपण तपासणीपाशीच येतो. रोगाच्या आधीच्या खुणा दिसण्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुतेक स्त्रियांत १५ ते २० वर्षं जातात. इतका वेळ देणारे कर्करोग थोडेच आहेत. आणि हा वेळ कसा वापरायचा, हे जगाला मराठी खेड्यांनी शिकवलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दाखवलं की प्रशिक्षण दिलेली आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर पातळ आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग पाहते, एवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. या विषाणूवरची लसही आपल्याजवळच बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये बाजारात आली. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेली होती.

बार्शीची आणखी एक गोष्ट मला यापेक्षाही मोलाची वाटते. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन माणसांना भेटत, कर्करोगाची लक्षणं सांगत, शंका असेल त्यांना रुग्णालयात यायला सांगत. तपासणीचा मोठा कार्यक्रम नव्हता, यंत्र नव्हतं. केवळ या बोलण्याने काही वर्षांत स्त्रिया आजाराच्या आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, वास येणारं पाणी जाऊ लागलं, तर दडवायचं नाही, हे कोणीतरी ओसरीवर बसून सांगितलं होतं.

उंद्रीहून निघालेली बाई आधी चिखलीला किंवा खामगावला जाते, मग अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर. कोणी शेगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरून मुंबईला टाटात जाते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरते. आपल्याच वऱ्हाडातल्या त्या संताच्या नावाच्या छपराखाली आपल्या भागातल्या बाईला थारा मिळतो, हे पाहून मला दर वेळी भरून येतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार होतात, त्याची कागदपत्रं पुस्तकात एका प्रकरणात दिली आहेत. पण या सगळ्या प्रवासात बाईचा किती काळ गेला, यावर तिच्या नसा वाचणार की नाही, हे ठरत असतं. ते शहरातल्या शस्त्रक्रियागृहात ठरण्याआधी गावातल्या उपकेंद्रात ठरतं.

भाषेबद्दल एक सांगायचं आहे. या पुस्तकात लघवी, योनी, संबंध हे शब्द सरळ लिहिले आहेत. छापण्याआधी एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी सुचवलं की ते जरा झाकून लिहावेत. मी त्यांचा मान राखून तसं केलं नाही. माझ्या आत्याने हे शब्द झाकले, म्हणून तिच्या दुखण्यालाही बावीस वर्षं कोणी नाव दिलं नाही.

आत्या आता नाही. घड्याळ माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर आहे, बंद पडलेलं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातली एक बाई आली. आशाताईंनी तपासणीला आणलं होतं, म्हणून गाठ लहान असतानाच सापडली. तिला मी मोठ्या शहरात पाठवलं. तिथल्या शल्यचिकित्सकांनी सगळं समजावून सांगितलं आणि पोट उघडूनच, पण नसा राखून शस्त्रक्रिया केली. रोबोट वापरला नाही. नळी काढायच्या दिवशी मी भेटायला गेले होते. सकाळी आठला नळी काढली. नऊ वाजले, दहा वाजले. तिची सून पाण्याचे पेले भरून देत होती आणि मी उगीचच खिडकीपाशी उभी होते. साडेदहाच्या सुमारास ती पलंगावर एकदम उठून बसली, पोटावर हात ठेवला आणि सुनेला म्हणाली, “अवं, लागली. मले लागली वं.”

सुनेला त्यात नवल काय ते कळलं नाही. ती चपला शोधायला वाकली.

उंद्री, ता. चिखली, जि. बुलडाणा